भिंतीवरच्या मेणबत्तीदाण्यांची जोडी: वेटोळी जुळत नाहीत, थाळीला सुरकुत्या, काळा रंग हाताला लागतो

लोखंडवेडी

नमस्कार मंडळी,

भिंतीवर लावायच्या मेणबत्तीदाण्यांची जोडी घडवते आहे. माल साधं माइल्ड स्टील (कमी कार्बनचं पोलाद), भट्टी कोळशाची, हवा ब्लोअरची. मागची पट्टी ४० × ५ मिमी, ३०० मिमी लांब. हात १२ मिमी चौरस गजाचा. त्याच्या खालच्या टोकाला वेटोळं, मग पट्टीला टेकणारा ५० मिमी सरळ भाग, तिथून पुढे वळून आलेल्या भागात पीळ, आणि वर उठलेल्या टोकावर ८५ मिमी व्यासाची थाळी. थाळीत मेणबत्तीची वाटी. वेल्डिंग शक्यतो टाळायचं आहे, सगळं रिवेटवर (भोकातून घालून टोक ठोकून पसरवायच्या खिळीवर) हवं.

अडचणी अशा:

दोन्ही गज एकाच मापाचे कापले तरी एक वेटोळं दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठं दिसतं. पीळ एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला सैल. थाळी (२ मिमी पत्रा) खोलगट करताना कडेला सुरकुत्या येतात, आणि एका थाळीची कड तडकली. वाटीचा आतला व्यास २४ मिमी आहे, मेणबत्ती २२ मिमीची, ती कलते. शेवटी मेण लावून काळा केलेला पृष्ठभाग पुसला की हात काळे होतात.

शिवाय ज्योतीचा मध्य भिंतीपासून ११० मिमीवर येतो आहे. एवढं अंतर पुरेल का?

---

ऐरणशिंग

वेटोळी जुळत नाहीत याचं कारण वळवण्यात नसतं, टोक ओढण्यात, म्हणजे ठोकून लांब आणि निमुळतं करण्यात असतं. गज सारखे कापले, पण एकाचं निमुळतं टोक १८० मिमी निघालं आणि दुसऱ्याचं २१०, की ती दोन वेटोळी कितीही वळवा, जुळत नाहीत. पातळ भाग लवकर वळतो, जाड भाग उशिरा. वळण कुठे घट्ट आणि कुठे मोकळं पडणार हे जाडी ठरवते.

म्हणून आधी हिशेब. लोखंड ठोकल्याने आटत नाही, फक्त जागा बदलतं. १२ मिमी चौरस गजाची रुंदी १२ च ठेवून जाडी टोकाला ३ मिमीपर्यंत उतरवायची असेल, तर सरासरी जाडी साडेसात मिमी होते. म्हणजे २०० मिमी लांब निमुळता भाग हवा असेल तर गजाचा १२५ मिमी भाग त्यात जाईल. चारही बाजूंनी सुईसारखं टोक काढायचं असेल तर गजाचा फक्त एक तृतीयांश लागतो: १२० मिमी टोकाला ४० मिमी माल. खपल्यांत (तापलेल्या लोखंडावरून सुटणाऱ्या काळ्या पापुद्र्यांत) थोडं लोखंड जातं, तेव्हा हिशेबापेक्षा ३-४ मिमी जास्त धरा.

हा १२५ मिमीचा बिंदू दोन्ही गजांवर सेंटर पंचने (ठोकून खड्डा पाडायच्या टोकदार हत्याराने) मारून ठेवा. खडूची खूण भट्टीत जाते, पंचची खूण लाल गजावरही काळ्या ठिपक्यासारखी दिसते. दोन्ही टोकं ओढून झाली की गज शेजारी शेजारी ठेवून लांबी मोजा. फरक २ मिमीच्या आत येईपर्यंत वळवायला घेऊच नका.

ओढताना सुरुवात अगदी टोकापासून करा. आधी आखूड, बोथट उतार काढायचा आणि मग मागे मागे सरकत तो लांबवायचा. मधूनच ठोकायला सुरुवात केली की वरची कातडी पुढे धावते, गाभा मागे राहतो आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी फट पडते. ती फट नंतर ठोकून बुजत नाही, घडी आत तशीच राहते. फट दिसली की तेवढं टोक गरम असतानाच कापून टाका. रुंदी १२ वर राखायला दर पाच-सहा घावांनंतर गज उभा करून कडेवर हलके घाव घाला. छेद शंकरपाळ्यासारखा तिरका व्हायला लागला तर थांबा, चांगला तापवा आणि लांब कर्णावर ठोकून पुन्हा काटकोनात आणा. थंडावलेल्या गजावर ही दुरुस्ती करायला गेलात तर कोपऱ्यात चिरा जातात.

रंग सांभाळा. ओढायचं काम नारिंगी-पिवळ्यावर करायचं, मंद लालवर आला की परत भट्टीत. टोकातून ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळतं आहे. तो भाग ठिसूळ होतो, पुन्हा घडवून सुधारत नाही. पातळ टोक नेहमी आधी तापतं, म्हणून गज निखाऱ्यांत ठेवताना टोक आगीच्या गाभ्याच्या पलीकडे काढून ठेवा.

वळवताना: टोकाचे पहिले १०-१५ मिमी ऐरणीच्या पलीकडच्या कडेवरून खाली झुकवायचे, मग गज उलटा करून टोक वर आणायचं आणि स्वतःच्या दिशेने हलके घाव घालत गुंडाळायचं. घाव गजाला ऐरणीवर दाबणारा नको, टोकाला मागे ढकलणारा हवा. दाबलंत की टोक चपटं होतं आणि वेटोळ्याचा डोळा बिघडतो.

जोडीसाठी साचा करा. २५ × ६ पट्टीचं एक वेटोळं, त्याचं मधलं टोक बाकीच्यापेक्षा ५-६ मिमी वर उचललेलं, म्हणजे गजाचं वळलेलं टोक त्यात अडकवता येतं. साच्याच्या दोन फेऱ्यांमध्ये किमान १५-१६ मिमी मोकळी जागा ठेवा, नाहीतर १२ चा गज आत बसतो पण बाहेर निघत नाही. गज साच्याच्या बाहेरून फिरतो, त्यामुळे तयार वेटोळं साच्यापेक्षा गजाच्या जाडीइतकं मोठं येणार. चित्र काढताना हे धरलं नाही तर मागच्या पट्टीला टेकणारी बाजू चुकते.

निमुळता भाग सगळीकडे एकसारखा नारिंगी असेल तरच साच्यावर घ्या. एखादी जागा जास्त तापली असेल तर वळण तिथेच मोडल्यासारखं कोनात येतं. अशा जागेवर थेंबभर पाणी सोडून ती निववायची आणि मग वळवायचं. माइल्ड स्टीलला हे चालतं. जास्त कार्बनच्या पोलादाला नाही, ते तडकतं.

आता तयार आहेत त्यातलं मोठं वेटोळं दाबून लहान करायच्या नादी लागू नका. दोन्ही उलगडा, सरळ करा, आखूड टोक पुन्हा ओढून लांबी जुळवा आणि साच्यावर घ्या. यात एक-दोन तापाचं काम वाढतं, पण जोडी जोडीसारखी दिसते.

पिळाचं थोडक्यात. कोळशाच्या भट्टीत सगळ्या निखाऱ्यांची धग सारखी नसते, त्यामुळे १५० मिमी भाग एकसारखा तापवायला गज सतत मागे-पुढे सरकवावा लागतो आणि हवा कमी ठेवावी लागते. घाईने जोराची हवा दिली की मधला भाग पिवळा, बाजूचे लाल, आणि पीळ मधेच दाटतो. शिवाय व्हाइसच्या जबड्यात धरलेलं टोक जबडा लगेच निववतो, तिथे पीळ सैल पडतो. म्हणून पिळाच्या दोन्ही सीमा पंचने खुणवा, तापवलेला भाग जबड्यापासून १०-१२ मिमी बाहेर ठेवा आणि दोन्ही बाजूंना मुठी असलेला पाना वापरा. एका मुठीच्या पान्याने गज पिळतानाच वाकतो. एखादा भाग पुढे पळायला लागला की त्याच्यावर पाण्याची बारीक धार, आणि बाकीचं फिरवत राहा. १५० मिमीला दोन पूर्ण फेरे पुरेत. तीन दिले तर मेणबत्तीपेक्षा पीळच डोळ्यात भरतो. पिळण्याआधी वायर ब्रशने खपल्या झाडा, नाहीतर त्या पिळाच्या खोबणीत अडकून बसतात. सरळ करायचं ते लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्यानेच, म्हणजे कडा धारदार राहतील.

जोडी आहे, तर एकाला डावा पीळ द्या आणि दुसऱ्याला उजवा. आणि पीळ आधी, वळणं नंतर.

---

पत्रेवाला

थाळीबद्दल. ८५ मिमी तयार व्यासाला ९० मिमीची चकती कापा. सुरकुत्या येतात कारण खोलगट करताना कडेचा परीघ कमी होत असतो, आणि जास्तीच्या पत्र्याला जायला जागा नसते. मधोमध जोरात ठोकून सुरुवात केली की मध्यभाग एकदम खाली जातो आणि कड घड्या घालते.

लाकडाच्या ओंडक्यात १०० मिमी व्यासाचा, जेमतेम १२ मिमी खोल खळगा करा. चकतीच्या कडेपासून १० मिमी आत पहिलं वर्तुळ मारायचं: गोल तोंडाचा हातोडा, हलके घाव, प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा चढलेला. एक वर्तुळ पूर्ण झालं की आत सरकायचं, असं मध्यापर्यंत. प्रत्येक वर्तुळानंतर कड बघा. लाट आली असेल तर त्याच क्षणी लाकडावर पालथी घालून बसवा. लाट लहान असताना बसते. तिची घडी झाली की बसत नाही, चेमटते आणि मग तिथेच चीर जाते. ८ ते १० मिमी खोली मिळाली की थांबा. एवढी खोली २ मिमी पत्र्याला थंडच देता येते.

तुमची कड तडकली ती बहुतेक कात्रीच्या खाचेवरून. कात्रीने गोल कापताना जिथे पातं थांबून पुन्हा पुढे जातं तिथे बारीक दाता राहतो, आणि ताण आला की चीर तिथूनच निघते. ठोकण्याआधी पूर्ण कड कानशीने गुळगुळीत करून दोन्ही बाजूंनी किंचित गोल करा. थंड ठोकून पत्रा कडक झाल्यासारखा वाटला, घावाचा आवाज टणक यायला लागला, की एकदा लाल तापवून हवेतच निवू द्या आणि पुढे चला.

मधलं भोक थाळी तयार झाल्यावरच पाडा. आधी पाडलं तर ठोकताना लंबगोल होतं. आधी फक्त पंचची खूण असू द्या, तीच मध्य दाखवते.

वाटीकडे येतो. २२ ची मेणबत्ती २४ च्या वाटीत म्हणजे २ मिमी मोकळीक. वाटी २५ मिमी खोल असेल तर मेणबत्ती साधारण साडेचार अंश कलते, आणि २५० मिमी उंचीला तिचं टोक जवळजवळ २० मिमी बाजूला जातं. मेण एकाच बाजूने गळतं ते यामुळेच. वाटी सरळ नळीसारखी नको, किंचित निमुळती हवी: तळाला आतून साडेएकवीस, तोंडाला साडेतेवीस. मेणबत्ती खाली दाबली की अडकून उभी राहते.

पट्टीची लांबी काढताना आतल्या व्यासात पत्र्याची जाडी मिळवायची आणि ३.१४ ने गुणायचं. सरासरी साडेबावीस अधिक २, म्हणजे साडेचोवीस. परीघ ७७ मिमी. तुम्ही ७५ च कापा आणि २ मिमीची उभी फट उघडी ठेवा. मेणबत्त्यांच्या मापात थोडाफार फरक असतोच, फटीमुळे वाटी तेवढी पसरते. उंची २८ मिमी.

वेल्डिंग नको आहे तर पट्टीच्या खालच्या कडेला मधोमध १४ मिमी रुंद, १९ मिमी लांब जीभ ठेवून पत्रा कापा. आधी जीभ काटकोनात आत वळवा, तिच्यात वाटीच्या मध्यावर येईल असं ६.३ मिमी भोक पाडा, मग पट्टी गोल करा. क्रम उलटा केलात तर आत ड्रिल पोचत नाही.

---

घणकरी

वाटीसाठी नळीचा तुकडा वापरायचा मोह झाला तर जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं, म्हणजे आपल्या घडवायच्या तापाच्या बरंच खाली. त्याचा पांढरा धूर श्वासात गेला की काही तासांत थंडी वाजून ताप येतो. मुलामा दिलेले बोल्ट, वॉशर, पत्रा, सगळ्यालाच हे लागू.

ताई, थाळी हाताला कशी जोडली आहे? खांदा (पायरी) काढून कुसू, म्हणजे भोकात बसणारं बारीक टोक, केलं आहे, की गजाचं टोक नुसतं बारीक करून भोकात घातलं आहे?

---

लोखंडवेडी

सविस्तर उत्तरांसाठी खूप आभार. टोकांची लांबी मोजली: १८५ आणि २०४ मिमी. म्हणजे कारण तेच. दोन्ही उलगडते आणि साचा करते.

@घणकरी, टोक ठोकून बारीक केलं आहे, पण खांदा नीट नाही, गोलसर आहे. थाळी त्याच्यावर डुगडुगते. रिवेटचं डोकंही वाटीत घुमटासारखं उठलं आहे.

आणि जाड, ५० मिमीच्या मेणबत्त्यांसाठी याच हातावर वाटीऐवजी खिळा चालेल का?

---

घणकरी

डुगडुगण्याचं आणि मेणबत्ती कलण्याचं निम्मं कारण हेच. खांदा चारही बाजूंनी एका पातळीत असल्याशिवाय थाळी आडवी बसणार नाही.

एक ठोकळा करा: ३०-४० मिमी लांब जाड गोल सळईचा तुकडा, त्याच्या मधोमध ६.५ मिमीचं सरळ भोक, तोंड सपाट घासलेलं. हाताच्या टोकाचं कुसू आधी ऐरणीच्या कडेवर चारही बाजूंनी खाच पाडून काढा. कुसू चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, याच क्रमाने करा. चौकोनावरून थेट गोल करायला गेलात तर आत पोकळी राहते. ६ मिमी गोल झालं की खांदा लाल तापवा, कुसू ठोकळ्याच्या भोकात घाला आणि ठोकळ्यावर दोन-तीन सरळ घाव घाला. गोलसर खांदा दबून सपाट होतो. भोक कुसवापेक्षा लांब हवं, नाहीतर कुसवाचं टोकच आत टेकतं आणि खांद्याला घाव लागतच नाही.

कुसवाची लांबी: थाळी २ मिमी, वाटीची जीभ २ मिमी, आणि चपट्या डोक्यासाठी व्यासाइतकी म्हणजे ६ मिमी. एकूण १०. घुमटाकार डोकं हवं असतं तर दीडपट धरली असती, पण वाटीत घुमट नकोच. मेणबत्ती त्याच्यावर डोलते. जिभेचं भोक वरून काउंटरसिंक करा (तोंड उतरतं, रुंद करा), म्हणजे डोकं पसरून जवळजवळ पृष्ठभागात बसेल.

२८ मिमी खोल वाटीत हातोडा पोचत नाही. १६ मिमी गोल सळईचा तुकडा घ्या, टोक सपाट घासा, आणि तो वाटीत उभा धरून त्याच्यावर ठोका. हात व्हाइसमध्ये खांद्याच्या लगेच खाली घट्ट पकडा. खाली सैल लांबी राहिली तर घावाची ताकद वळणातच जाते आणि तुम्ही जुळवलेलं वळण उघडतं. कुसू तापवायला एवढ्याशा कामासाठी गॅसची बत्ती बरी पडते, भट्टीत घातलं तर पातळ थाळी आधी लाल होते.

गोल थाळी कुसवाभोवती थोडी फिरली तरी बिघडत नाही. हात आणि मागची पट्टी यांच्या सांध्यात मात्र एकच रिवेट कधीच नको, हात हळूहळू खाली झुकतो. तुमच्याकडे ५० मिमी सरळ भाग आहे, तेव्हा ६ मिमीचे दोन रिवेट, ३० मिमी अंतरावर.

खिळा जाड मेणबत्तीला चालतो, तीच त्याची जागा आहे. बुडाशी ५-६ मिमी, उंची ३०-३५, टोक निमुळतं. २२ च्या मेणबत्तीत घातला तर ती उभी चिरते. ५० च्या मेणबत्तीतही थंड खिळा जोराने दाबू नका. खिळा कोमट करून घाला, किंवा मेणबत्तीला आधी ४ मिमीचं भोक पाडा. थाळी मात्र मोठी लागेल, १०० मिमीच्या पुढे.

---

काळं_लोखंड

हात काळे होण्याबद्दल. जे निघतं आहे ते मेण नाही, खपली आहे. भट्टीतल्या तापाने लोखंडावर काळ्या ऑक्साइडचा थर येतो. त्याचा वरचा भाग सैल असतो आणि त्याच्यावर मेण लावलं की मेणासकट तो सुटतो. पुढे गंजही याच थराखालून चढतो.

तुकडे ५ टक्क्यांच्या साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी वायर ब्रशने घासलं की करडं स्वच्छ लोखंड दिसतं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा आणि तापवून पूर्ण कोरडं करा. इथे दहा मिनिटं उशीर झाला तरी तांबूस झाक येते. सांध्याच्या फटीत आम्ल राहतं, म्हणून हे काम रिवेट करण्याआधी सुट्या भागांवर उरकून घ्यायचं.

मग भाग एकसारखा तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचून उडाला पाहिजे, पण लोखंडावर पिवळसर किंवा निळी छटा येता कामा नये. छटा आली म्हणजे २०० अंशांच्या पुढे गेलात, तिथे मेण नुसतं जळतं. मधमाशीचं मेण फिरवा, ते पसरून किंचित धुरकटलं पाहिजे. जास्तीचं कापडाने पुसून टाका.

---

ऐरणशिंग

वरच्यात एक बदल सुचवतो. हाताला आणि पट्टीला मेण ठीक, पण थाळी आणि वाटीला नको. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं. मेणबत्ती बुडापर्यंत जळत आली की वाटी त्याहून जास्त तापते, लेप चिकट होतो आणि त्याच्यावर धूळ बसते. त्या दोन भागांना उकळलेलं जवसाचं तेल लावा: अगदी पातळ हात, तापवून सुकवायचा, मग दुसरा, असे तीन. जाड हात दिला तर सुरकुततो आणि आठवडाभर चिकट राहतो.

तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उघड्यावर, पावसात लावायच्या वस्तूला मेण आणि तेल दोन्ही अपुरे. तिथे जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग.

---

ओळंबा

भिंतीचं राहिलं. विटांच्या किंवा प्लास्टरच्या भिंतीला ११० मिमी जळण्याच्या दृष्टीने चालून जाईल, पण काजळी नक्की धरेल. १५० करा. ज्योत वाऱ्याने भिंतीकडे झुकते तेव्हा काळा पट्टा उमटतो, म्हणून खिडकी किंवा पंख्याच्या झोतात लावू नका आणि वात ६ मिमीपर्यंत कातरून ठेवा. लाकडी तावदान, पडदा, कागद असं जळणारं काहीही असेल तर सर्व बाजूंनी किमान ३०० मिमी मोकळं हवं, वरच्या बाजूला त्याहून पुष्कळ जास्त.

वजनाचा प्रश्न नाही. १२ चौरस गज मीटरला १.१३ किलो, ४० × ५ पट्टी १.५७ किलो, अख्खी मेणबत्तीदाणी किलो-सव्वा किलोत बसते. प्रश्न धक्क्याचा आहे. कोणी चुकून हाताला धरून २० किलोचा भार दिला, तोही भिंतीपासून १५० मिमीवर, तर पट्टी खालच्या कडेवर तोलली जाते आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. वरचं भोक खालच्या कडेपासून २७० मिमीवर असेल तर ओढ साधारण ११ किलो, तेच भोक १५० मिमीवर पाडलं तर २०. म्हणून वरचं भोक जमेल तितकं वर, वरच्या कडेपासून ३० मिमीच्या आतबाहेर.

पट्टी पूर्ण सपाट ठेवण्याऐवजी मधे १ मिमी भिंतीपासून उचललेली ठेवा, म्हणजे दोन्ही टोकं टेकतात आणि ती डुलत नाही. हाताचे रिवेट मागून काउंटरसिंक करून पट्टीच्या पातळीत घासा. वरचं भोक गोल, ५ मिमी स्क्रूला साडेपाच. खालचं उभं लांबट, ५.५ × ८, म्हणजे भिंतीतलं ड्रिल थोडं सरकलं तरी पट्टी ओळंब्यात आणता येते. वरचा स्क्रू आधी अर्धवट आवळा, थाळीवर पाणसळ ठेवून बघा, मग खालचा.